तीस दिवसांचं पुस्तक

“आता ह्ये बी लिवून घेनार व्हय, मास्तर? गवात कवा कापायचं त्ये?”

“घेतोय ना काकी. तुम्ही बोलत राहा.”

“दव हाय तवर कापायचं. ऊन चढलं की गवात सासूवानी ताठ हुतंय. मग पातं कितीबी पाजळा, वाकत न्हाई. लिवलं?”

“लिहिलं. ‘पहाटेच्या आर्द्रतेत कापणी सुलभ होते.’”

“म्या असं कुटं म्हनलं? सासू कुटं गेली?”

“काकी, शास्त्रीय पुस्तकात सासू चालत नाही.”

“मग कसलं डोंबलाचं शास्त्र त्ये!”

राफिला ओसरीच्या पायरीवर बसून मक्याची कणसं सोलत होती आणि शहरातल्या विद्यापीठातला सिल्वियू मास्तर तिच्यासमोर तिपाईवर, गुडघ्यावर वही ठेवून, बसला होता. ऑक्टोबरचे दिवस. पस्तिशीचा माणूस, पण थंडीनं नाक लाल झालेलं आणि बूट असले पातळ की आमच्या कोश्ताना गावाच्या चिखलानं ते पहिल्याच दिवशी गिळले. लोकांकडं पिढ्यान् पिढ्या चालत आलेली गवताची विद्या विद्यापीठासाठी गोळा करतोय, असं त्यानं सांगितलं होतं. सरपंचानं त्याला नेमकं राफिलाचं घर दाखवलं. त्यात चूक काहीच नव्हती. मारामुरेशच्या या डोंगरात गवताच्या गंज्या सगळेच घालतात, पण एप्रिलात उघडल्यावर आतलं गवत हिरवं निघावं ते राफिलाच्याच गंजीतलं.

तिची गोष्ट सांगायची तर गवतापासूनच सांगायला हवी. बावन्न वर्षांची बाई, आठ यत्ता शिकलेली, आवाज असा की खालच्या ओढ्यावरून वरच्या कुरणातल्या गाईला हाक पोचावी. तीन उन्हाळे स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडायला गेली होती. पैसा बरा मिळत होता. पण चौथ्या साली गेली नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाली, “तितं गवताला प्लास्टिकात गुंडाळत्यात. मला बघवंना.” त्या पैशात तिनं तीन गाई घेतल्या आणि नवऱ्याला, नुत्सूला, म्हणाली, “आता गोठ्याचं छप्पर तेवढं तू बग.”

नुत्सूनं ते बघितलं आणि म्हणून तो तुरुंगात होता.

गोठ्याच्या छपराचं आढं, वरचा मधला वासा, मोडायला आलं होतं. नव्या आढ्याला दोन फरची झाडं हवी होती. वरचं जंगल सरकारचं. परवान्याचं लाकूड मिळायला वर्ष लागतं आणि मिळतं ते दुसऱ्याच खोऱ्यात. नुत्सूनं दोन झाडं पाडली. याआधी तीन वर्षांपूर्वी सरपणासाठी पाडलेल्या झाडांवरून एकदा शिक्षा झाली होती, पण ती लटकती ठेवून त्याला घरी सोडलं होतं. त्यामुळं या वेळी जरा जपून बोलायचं होतं. वकील सरकारनं दिलेला. त्यानं खटल्याच्या दिवशी जिन्यातच नुत्सूला गाठून सांगितलं, “वाऱ्यानं पडली होती म्हणा, तुम्ही फक्त उचलून आणलीत. बाकी तोंड उघडू नका.”

नुत्सूनं तसंच म्हटलं. काम निम्मं झालं होतं. तेवढ्यात सरकारी पक्षाच्या वकिलानं कागद वाचला, की ‘आरोपीने अत्यंत निष्काळजीपणे, लाकडाची नासाडी करून’ झाडं तोडली. नुत्सू ताडकन उभा राहिला.

“निष्काळजीपनानं? मॅडम, म्या नऊ दिवस थांबलो! चांद उतरतीला लागूस्तवर कुऱ्हाडीला हात लावला न्हाई. चढत्या चांदाला तोडल्यालं लाकूड दोन वर्सात किडतं, ह्ये मला काय कळत न्हाई व्हय?”

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. “नऊ दिवस थांबलात?”

“नऊ. आन् बुंध्याला लागून कापलंय. जाऊन बगा.”

कारकुनानं टाइप केलं. नऊ दिवस आधी ठरवून केलेला गुन्हा. नुत्सूचा, सरकारनं दिलेला वकील उठला आणि म्हणाला, “मी न्यायालयाच्या मर्जीवर सोडतो.” दोन वर्षं लागली. राफिला बाहेर येऊन त्या वकिलाला म्हणाली, “सोडायला तुज्या हातात व्हतं तरी काय रं?” गावात महिनाभर वकिलाला शिव्या पडल्या. पण नुत्सूनं चांद पाहिला यात त्याची चूक झाली असं एकही माणूस म्हणाला नाही. आढं किडलं असतं तर?

त्याच तुरुंगात ओक्ताव वेरेश नावाचा लाकडाचा व्यापारी होता. त्याच्या कंपनीनं आमच्या देवळाच्या पायरीवरून दिसणारी डोंगराची अख्खी पाठ भादरली होती. नुसती खोडं उरली होती, म्हाताऱ्याच्या दाढीच्या खुंटांसारखी. त्याला चार वकील. त्यांनी कोर्टात कागदांचे गठ्ठे रचले आणि सिद्ध केलं, की साहेबांनी झाड पाहिलेलंच नाही, सह्या फक्त केल्या. त्याला तीन वर्षं. नुत्सूच्या दोन झाडांना दोन वर्षं, वेरेशच्या डोंगराला तीन. आमच्या दारूच्या गुत्त्यात बरेच दिवस हिशोब चालला होता, की या भावानं एक झाड म्हणजे किती, पण तो कुणाला जमला नाही.

नुत्सूला दोन-तृतीयांश शिक्षा भोगून सुटकेचा अर्ज करता येत होता. ती तारीख दहा ऑगस्ट पडत होती. राफिलाच्या जिवाला घोर त्याच तारखेचा. आमच्याकडं गवत संत पीटरच्या सणापासून, म्हणजे जूनच्या शेवटापासून, कापायला लागतात. दहा ऑगस्टपर्यंत वरच्या कुरणातलं बी झडून गवताचं लाकूड होतं. वरचं कुरण इतकं उभं की बकरीनंही विचार करून पाय टाकावा. लांब दांड्याचा विळा तिथं नुत्सूच चालवू शकत होता. राफिलाचा उजवा खांदा स्पेनमध्ये गेला होता. मजूर लावावा तर गावातली धडधाकट माणसं सगळी इटलीत भिंती रंगवतायत. वरचं गवत नाही तर हिवाळ्यात तीन गाई जगत नाहीत, एवढं सरळ होतं ते.

अशा परिस्थितीत ऑक्टोबरात सिल्वियू मास्तर आला होता आणि राफिला त्याला तीन दिवस गवत सांगत होती. फुकट. कुणीतरी एवढ्या आस्थेनं विचारतंय याचंच तिला अप्रूप. गंजी कशी घालायची हे सांगताना ती उठून उभी राहिली होती. “ही बग. खाली घागऱ्यावानी पसरट, कमरंला आवळ, आन् डोस्क्यावर टोपी. मदी खांब. खांब बी उतरत्या चांदाचाच, न्हाईतर तोच कुजतो आन् गंजीला बी नासवतो.” मास्तरनं सगळं लिहून घेतलं, चीजचा एक गोळा पिशवीत घातला आणि गेला.

डिसेंबरात भेटीच्या दिवशी राफिला तुरुंगात गेली. सोबत धुरी दिलेली डुकराची चरबी, कांदे, लोकरीचे मोजे. काचेपलीकडं नुत्सू बसला होता. जरा बारीक झाला होता, पण हसत होता.

“अगं, हितं एक गंमतच झालीया. तो वेरेश हाय न्हवं?”

“त्येचं काय?”

“त्यो पुस्तक लिवतोय. गवताचं.”

“वेरेश? त्येला गवात आन् कोबी वळखू येतंय का?”

“न्हाईच येत! काल मला हाक मारली. म्हनला, नुत्सू, ही गंजीच्या मदी खांब कशाला असतोय? म्हनलं, साहेब, तुमी पुस्तक लिवताय आन् मला इचारताय? त्यो म्हनला, मी नुसतं उतरून काढतोय, वकिलानं आनून दिल्यालं. मग त्यानं वाचून दाखवलं. ‘खालून घागऱ्याप्रमाणे रुंद, कंबरेत आवळ.’ मला लई हसू आलं. म्हनलं ह्ये तर माज्या बायकुचं बोलनं!”

राफिला हसली नाही.

त्या काळात आमच्या देशात कायदाच तसा होता. कैद्यानं आत बसून शास्त्रीय पुस्तक लिहिलं, एखाद्या प्राध्यापकानं ते चांगलं आहे असं लिहून दिलं आणि कुणी ते छापलं, की शिक्षेतले तीस दिवस कमी. दर पुस्तकाला तीस. कायद्यात कुठं लिहिलं नव्हतं की हे श्रीमंतांसाठी आहे. पण झालं असं, की बाहेर असताना ज्यांनी चेकवर सही करण्यापलीकडं काही लिहिलं नव्हतं, ती मोठी माणसं आत गेल्यावर वर्षाला पाच-पाच पुस्तकं लिहायला लागली. टीव्हीवर बातम्या यायच्या आणि आमचा गुत्तेवाला म्हणायचा, “पोराला शिकवायचं असंल तर शाळंत घालू नका, लाच खायच्या धंद्यात घाला.”

वेरेशची तीन पुस्तकं झाली होती. गवताचं चौथं.

जानेवारीत सिल्वियू मास्तर पुन्हा आला. गुडघाभर बर्फ. या वेळी त्याला मेंढीच्या चीजबद्दल ऐकायचं होतं. राफिलानं त्याला चुलीजवळ बसवलं, मक्याचा घट्ट शिजवलेला घाटा, त्यावर चीज आणि आंबट साय वाढली, प्लमची दारू ओतली.

“काकी, आधी थोडं लिहून घेतो, मग—”

“आदी जेव. उपाशी मानसाशी मी भांडत न्हाई.”

मास्तरचा घास तोंडापाशीच थांबला. पण जेवला बिचारा. भूक लागली होती. ताट पुसून झाल्यावर राफिलानं ते उचललं आणि विचारलं, “वेरेशनं गवात कवा कापलं, मास्तर?”

मास्तर आधी लाल झाला, मग पांढरा. मग सगळं बोलून टाकलं. विद्यापीठाच्या पगारात घरभाडं आणि हिवाळ्याचा गॅस यांतलं एकच भागतं. वेरेशचे वकील एका पुस्तकाला त्याच्या चार महिन्यांच्या पगाराएवढे पैसे देतात. सही त्याच्या प्राध्यापकाची असते. प्राध्यापक वाचत नाही, मास्तर जिथं बोट ठेवेल तिथं सही करतो.

“म्हंजी माज्या तोंडातनं निघालं, तुज्या वहीत गेलं, वेरेशच्या हातानं उतरलं, आन् दिवस त्येचं कमी झालं.”

“काकी, मला खरंच लाज वाटतेय.”

“लाज ठिव बाजूला, तिनं चूल पेटत न्हाई. चीजचं काय काय पायजे तुला?”

“सगळंच. दूध तापवण्यापासून.”

“मंग आईक. माजा नुत्सू लाकडाचं पुस्तक लिवनार. कवा तोडायचं, कसं तोडायचं, कुठल्या घराला कुठलं. त्येला त्याच परफेसराची सही, त्याच छापखान्याची छपाई. तू त्यो कागद हितं आन, मग मी दूध तापवीन. त्योवर माजी मेंढी मुकी हाय.”

“पण छापायला पैसे—”

“वेरेशचं छापताना कागद उरत न्हाई व्हय?”

मास्तर म्हणाला, “काकी, हे बरोबर नाही.”

“बरोबर कोन म्हनतंय? पन ज्या शिडीनं वेरेश चढतोय तिला माजा नुत्सू टेकला तर शिडी मोडती का?”

सौदा ठरला. चीजचा एकेक धडा आणि नुत्सूचं एकेक काम, असं अदलाबदलीनं चालायचं. मास्तर परवानगीचा कागद आणायचा तेव्हा राफिला दूध कसं विरजतात ते सांगायची. छापखान्याचा कागद आला की दही कसं पिळायचं. दूध घट्ट करणाऱ्या, कोकराच्या पोटातल्या विरजणाचा धडा तिनं प्राध्यापकाच्या सहीपर्यंत राखून ठेवला होता.

आत नुत्सूचे हाल. नियम असा होता की कैद्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं. वेरेशला ग्रंथालयात खिडकीपाशी टेबल मिळायचं. तो दोन तासांत दहा पानं उतरून काढायचा आणि मग बुद्धिबळ खेळायचा. नुत्सूला खाटेच्या कडेवर बसून वही मांडीवर घ्यावी लागे. शिवाय त्याला उतरवायला समोर काही नव्हतं, जे होतं ते डोक्यात. त्यानं राफिलाला पत्र लिहिलं ते आम्ही सगळ्यांनी वाचलं, तिनंच दाखवलं. ‘एक पान लिवायला एक दिवस जातो. ती दोन झाडं पाडायला दोन तास लागलं व्हतं. काल लार्चच्या लाकडाबद्दल लिवलं. कोठडीतला एक पाकीटमार म्हनतो की आता मला घर बांधता यील.’

एप्रिलपर्यंत अठ्ठेचाळीस पानं झाली. मास्तरनं ती घेतली, शुद्धलेखन तेवढं सुधारलं आणि वेरेशच्या चीजच्या पुस्तकाखाली ठेवून प्राध्यापकासमोर नेली. प्राध्यापकानं बोटाखाली दोनदा सही केली. पुस्तकाचं नाव ‘डोंगरी बांधकामातील लाकूडतोडीचा काळ’. वीस प्रती. दोन गावात आल्या. आम्ही गुत्त्यात एक वाचून काढली. म्हातारा पिंतिया पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ऐकत होता, मग म्हणाला, “अक्रोड राहिला.” आणि खरंच राहिला होता.

वेरेशचा अर्ज मार्चमध्ये कोर्टापुढं आला. गवत धरून चार पुस्तकं मान्य झाली, चीजचं एप्रिलात जोडलं. मे महिन्यात तो सुटला. टीव्हीवर म्हणाला, की तुरुंगानं मला अभ्यासक केलं. राफिला तेव्हा बटाटे लावत होती. टीव्ही गुत्त्यात होता, तिला आम्हीच जाऊन सांगितलं. “बरं झालं,” ती म्हणाली. “आता त्येच्या वकिलास्नी सवड घावंल. एक हिकडं पाठवा म्हनावं.”

जूनच्या सुरुवातीला नुत्सूचं पुस्तक कोर्टापुढं आलं. मान्य झालं तर अकरा जुलैला घरी. वरचं कुरण जूनच्या शेवटी कापतात, पण अकरा जुलै म्हणजे चालण्यासारखं. बी झडायच्या आत. राफिला पहाटेच्या बसनं गेली. नुत्सूचा सरकारनं दिलेला वकील तोच. त्यानं तिला ओळखलं नाही.

सरकारी पक्ष म्हणाला, “चंद्राच्या कलेनुसार लाकूड तोडणं ही अंधश्रद्धा आहे. लेखकानं एकाही शास्त्रीय ग्रंथाचा आधार दिलेला नाही.”

न्यायाधीशबाई त्याच होत्या. पुस्तक चाळलं. “आधार खरंच दिसत नाही. वकीलसाहेब?”

“मी न्यायालयाच्या मर्जीवर सोडतो.”

बाईंनी आधारग्रंथ जोडायला तीन आठवडे दिले.

बाहेर मास्तर राफिलाची वाट बघत उभा होता. तो डोकं धरून कट्ट्यावर बसला. “काकी, संपलं. चंद्र आणि लाकूड यावर आपल्याकडं छापील पुस्तकच नाही. मी सगळं धुंडाळलंय.”

“न्हाई कसं? हाय की.”

“कुठलं?”

“वेरेशसायबाचं.”

मास्तरनं पिशवीतून गवताचं पुस्तक काढलं, पानं उलटली. पान एक्केचाळीस. ‘गंजीच्या मध्यभागी रोवावयाचा खांब उतरत्या चंद्राच्या काळातच तोडलेला असावा, अन्यथा तो कुजून गवतास बाधा पोहोचवितो.’ खाली तीन जर्मन पुस्तकांची नावं. ती मास्तरनंच घातली होती, तिन्हींत चंद्राचा संबंध नव्हता.

“ह्ये कोर्टानं मान्य केलंय न्हवं?” राफिला म्हणाली. “ह्याच बाईनं?”

“ह्याच बाईंनी. मार्चमध्ये.”

“मग लिव, नुत्सूच्या पुस्तकात पानापानाखाली. ‘बघा, वेरेश.’”

तीन आठवड्यांनी नुत्सूच्या अठ्ठेचाळीस पानांखाली एकवीस वेळा वेरेशसाहेबांचा दाखला होता. न्यायाधीशबाईंनी ते वाचलं, मग गवताचं पुस्तक मागवून पान एक्केचाळीस वाचलं. सरकारी पक्षाला विचारलं, “मार्चमध्ये तुम्ही या ग्रंथावर हरकत घेतली होती का?”

“नाही.”

“मग चंद्र तोच आहे.”

पुस्तक मान्य. तीस दिवस कमी. राफिलानं तिथंच छातीवर क्रॉसची खूण केली, बसस्टॉपवर मास्तरला एक पेस्ट्री घेऊन दिली आणि घरी येऊन विळ्याचं पातं ठोकून धार काढून ठेवली. नुत्सूच्या हाताला बसेल असा दांडाही बदलला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण निकालावर सरकारी पक्षाला वरच्या कोर्टात जायचा हक्क असतो. ते गेले. वेरेशच्या सुटकेवरही रिवाज म्हणून गेले होते. तेव्हा त्याच्या चार वकिलांनी मिळून तिसऱ्या दिवशीची तारीख मिळवली आणि चौथ्या दिवशी तो घरी होता. नुत्सूची फाइल मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला अकरा दिवस लागले. मग कारकूनबाई समुद्राला सुटीवर गेल्या. मग कळलं की एका पानावर शिक्का नाही. नुत्सूच्या वकिलाला मास्तरनं फोन केला तर त्यानं विचारलं, “कोण नुत्सू?”

अकरा जुलै आला आणि गेला. राफिला एक दिवस वाट बघत थांबली. दुसऱ्या दिवशी तिनं गळ्यात लाल रुमाल बांधला आणि खालच्या कुरणात स्वतः उतरली. डाव्या हाताला जोर देऊन कापायची, दहा हात कापलं की खांदा धरून उभी राहायची. खालचं कुरण नऊ दिवसांत झालं. शनिवारी मास्तर आला. कुणी बोलावलं नव्हतं. शहरी बूट काढून नुत्सूचे रबरी घातले आणि दाताळं घेऊन वाळलेलं गवत ओढायला लागला. दुपारपर्यंत हाताला फोड. संध्याकाळी त्यानं स्वतःच्या हातानं एक गंजी घातली. पुस्तकात दोनदा लिहिलेली होती, तरी उजवीकडं कलली. राफिला तिच्याभोवती एकदा फिरली आणि म्हणाली, “आसू दे. कंबर लचकल्याली हाय, पन उभी तर हाय.”

वरचं कुरण मात्र तसंच राहिलं. जुलैच्या शेवटी राफिला एकदा वर जाऊन आली. मूठभर गवत उपटून चावलं, थुंकली. दुसऱ्या दिवशी तिघींतली धाकटी गाय, विशिना, बाजारात गेली. तीन गाईंना पुरणार नव्हतं, आणि हिवाळ्यात उपाशी जनावर विकायला काढलं की गिऱ्हाईक हाडं मोजतं. गाय घेऊन जाणाऱ्याला तिनं तीन वेळा सांगितलं, की हिला गार पाणी देऊ नका, पोट बिघडतं. मग घरी येऊन विशिनाची दावण झाडून काढली.

शेवटी वरच्या कोर्टानं निकाल कायम केला आणि नुत्सू सहा ऑगस्टला सुटला. त्याची नेहमीची तारीख दहा.

दुपारच्या बसनं उतरला, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत स्वतःच्या पुस्तकाच्या तीन प्रती. गुत्त्यात आम्ही त्याला बसवायला बघितलं, पण तो थांबला नाही, सरळ वर कुरणात गेला. राफिला तिथं वाळलेलं, चिवट झालेलं गवत कापत होती. जे मिळेल ते.

“अगं, मी आलो.”

“दिसतंय की. जेवलास का?”

“बसमदी खाल्लं.” तो खाली बघत होता. “ती कडंची गंजी कुनी घातली?”

“मास्तरनं.”

“तिरकी हाय.”

“त्येला बी म्हाइत हाय.”

नुत्सू गवतावर बसला. “विशिना?”

“इकली.”

त्यानं एक काडी उपटून दाताखाली धरली. मग म्हणाला, “तीस दिवस दिलं व्हतं म्हनं.”

“दिलं व्हतं. येताना वाटंत सव्वीस सांडलं.”

“आन् वेरेशचं?”

“त्येचं सांडलं न्हाईत. त्येची पिशवी चांगली व्हती.” राफिला विळा टेकवून उभी राहिली, खांदा चोळला. “अरं माणसा, तिकडं दीड वर्स बसलास, हितं काय बसतोस? तू पुस्तकात लिवलंस ना, की फरचं झाड बुंध्याला लागून कापायचं? मग ह्ये गवात बी बुंध्याला लागून काप. माजं बुडखं उंच ऱ्हायल्यात, माज्या खांद्याला जमंना.”

नुत्सू उठला. विळ्याचा नवा दांडा हातात घेऊन तोलून पाहिला, “दांडा बरा बसलाय” म्हणाला. धारेचा दगड पाण्यात बुडवून दोन्ही बाजूंनी ओढला. पहिला फेर मारला तो जरा डळमळतच, दुसरा सरळ गेला. राफिलानं तिसरा फेर होईपर्यंत बघितलं. मग दाताळं उचललं आणि त्याच्या मागं, कापलेल्या ओळीवर, गवत पसरायला लागली.